घटक ५ : दादा कोंडके : सोंगाड्याची फडापासून पडद्यापर्यंतची वाटचाल

५.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला सोंगाड्या या पात्राचे नाट्यगत कार्य स्पष्ट करता येईल. रंगमंच, चित्रपट आणि नभोवाणी या तीन माध्यमांत त्या कार्यात कोणते बदल घडले ते दादा कोंडके यांच्या कारकिर्दीच्या आधारे सांगता येईल. तसेच त्यांच्या विनोदावर घेतल्या जाणाऱ्या अश्लीलतेच्या आक्षेपाचे परीक्षण करून स्वतःचे मत मांडता येईल. घटकातील उदाहरणे व शेवटचे क्षेत्रकार्य कामोठे (ता. पनवेल) येथील परिसर डोळ्यांसमोर ठेवून योजले आहे. आपण अन्यत्र राहत असल्यास ते आपल्या गावाला लावून घ्यावे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग या तमाशाच्या अंगांचा परिचय करून घेतला. या घटकात त्यांपैकी बतावणी रंगविणाऱ्या सोंगाड्याचे पुढे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (१९३२-१९९८) यांची कारकीर्द निवडली आहे.

कोंडके यांचा समावेश मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात का, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्यांचे नाव निघताच घरातील वडीलधारी माणसे हसतात आणि लगेच विषय बदलतात. हे हसणे आणि हे विषय बदलणे, या दोन्हींचा विचार येथे करावयाचा आहे. समीक्षेने दुसऱ्या कृतीला बराच काळ अधिक महत्त्व दिले. त्यामुळे पहिली कृती का घडते, याचे विवेचन मागे राहिले.

५.२ समोरचा प्रेक्षक नाहीसा होतो तेव्हा

जिवंत प्रेक्षकांपुढे घडलेला विनोदी नट चित्रपटात किंवा नभोवाणीवर जातो, ही घटना केवळ महाराष्ट्रातील नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्हॉदव्हिल हा रंजनप्रकार लोकप्रिय होता. एकाच खेळात गाणे, नाच, जादू, कसरती आणि विनोदी संवाद एकामागून एक सादर होत. बोलपट आणि नभोवाणी यांच्या रेट्यापुढे तो मावळला. न्यूयॉर्कचे पॅलेस हे त्या प्रकाराचे सर्वांत प्रतिष्ठेचे थिएटर. १९३२ मध्ये तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले. त्याच वर्षी जॅक बेनी आणि एड विन हे त्या रंगमंचावर घडलेले दोन विनोदी नट नभोवाणीवर स्थिरावले. विन यांची गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रोत्यांना दिसणार नाही हे ठाऊक असूनही ते पूर्ण रंगभूषा व वेशभूषा करून, समोर प्रेक्षक बसवून मगच ध्वनिक्षेपकापुढे उभे राहत. हसणारे कोणी समोर नसेल तर बोलावे कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

तमाशातील सोंगाड्यापुढे हाच प्रश्न अधिक बिकट स्वरूपात येतो. व्हॉदव्हिलचा नट आपला पाच-दहा मिनिटांचा प्रवेश वर्षानुवर्षे घासूनपुसून तोच करीत असे. सोंगाड्याचे बोलणे मात्र गावागणिक आणि रात्रीगणिक बदलते. बांधून ठेवलेली संहिता त्याच्याजवळ नसते. असते ती हजरजबाबी वृत्ती. जी गोष्ट दररोज बदलण्यातच जिवंत राहते, ती फितीवर एकदाच कायमची मुद्रित करावयाची म्हटल्यास तिचे काय होईल?

५.३ बतावणीची घडण

उत्तर शोधण्यापूर्वी बतावणीतील विनोद कसा घडतो ते एका छोट्या, केवळ अध्ययनासाठी रचलेल्या उदाहरणावरून पाहू. समजा, कामोठे गावच्या जत्रेत खेळ उभा आहे.

शाहीर : काय रं, नोकरी लागली म्हनं तुला?
सोंगाड्या : लागली की. सरकारी हाय.
शाहीर : कोन्त्या खात्यात?
सोंगाड्या : आमच्याकडं समदीच खात्यात!

'खात्यात' हे 'खाते' या नामाचे सप्तमीचे रूप आहे आणि बोलीत 'खातात' या क्रियापदाचेही तेच रूप होते. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा श्लेष झाला. दुसऱ्याच्या वाक्याला त्याने न योजलेला अर्थ देऊन उत्तर केल्यामुळे ही श्लेषवक्रोक्तीही आहे. परंतु एवढे नाव दिल्याने विनोद समजला असे होत नाही. येथे आणखी तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे सोंगाड्या हे वाक्य भाबडेपणाने उच्चारतो. आपण काही वावगे बोललो याची जाणीव त्याच्या चेहऱ्यावर नसते. दुसरी, लाच हा शब्द तो उच्चारीतच नाही. तो प्रेक्षकाच्या मनात उमटतो. अर्थ पूर्ण करण्याचे काम, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही, प्रेक्षकाकडे जाते. तिसरी गोष्ट नजरेची. वाक्य संपताच सोंगाड्या पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्या प्रतिष्ठिताकडे क्षणभर पाहतो. त्या पाहण्याने 'समदीच' या मोघम शब्दाला नाव आणि पत्ता मिळतो.

श्लेष, भाबडा चेहरा आणि नजर या तीन गोष्टी आपण पुढील संपूर्ण विवेचनात बरोबर ठेवणार आहोत. (संत एकनाथांच्या भारुडांतही ऐहिक शब्दांआडून दुसरा अर्थ सुचविला जातो, तेथे तो वर, अध्यात्माकडे जातो, तर बतावणीत खाली, पोट आणि देह यांच्याकडे. दिशा उलट असली तरी श्रोत्याने अर्थ पुरा करावा ही अपेक्षा दोन्हीकडे समान आहे. इच्छुकांनी हा धागा स्वतंत्रपणे अभ्यासावा.)

५.४ गिरणगाव, सेवा दल आणि 'विच्छा'

कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत झाला. घराणे मूळचे भोर परिसरातील इंगवली गावचे. घरात गिरणीची नोकरी, शेजारी घाटावरची आणि कोकणातील माणसे, सणासुदीला भजन आणि नमन, असे त्या चाळींचे जग होते. अपना बाजार या ग्राहक भांडारात नोकरी करीत असतानाच ते बँडपथकात आणि पुढे राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत वावरू लागले.

येथे थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती अटींवर उठली आणि प्रयोगापूर्वी संहिता तपासून घेणे आले. ज्या कलेचे मर्म आयत्या वेळी बोलण्यात, तिने आपण काय बोलणार हे आधी लिहून दाखवावयाचे! या अडचणीतून सुशिक्षित लेखकांनी लिहिलेल्या लोकनाट्याला जोर आला. अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाचा साचा कामगार चळवळीसाठी वापरला. सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे', तर व्यंकटेश माडगूळकर यांनी 'बिनबियांचे झाड' ही लोकनाट्ये लिहिली.

याच परंपरेत वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' येते. 'छपरी पलंगाचा वग' या नावानेही ओळखले जाणारे हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगमंचावर आले. कोंडके यांचे काम सबनीसांनी 'खणखणपूरचा राजा' या खेळात पाहिलेले होते. कथानक अगदी साधे. कोतवाल मरण पावतो, हवालदाराला बढतीची आशा असते. परंतु वशिल्याने दुसराच मनुष्य त्या जागी बसतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला राजाच्या छपरी पलंगाच्या मोहात अडकवतात. मैनावती येथे शोभेची बाहुली नाही, याची नोंद घ्यावी. डाव तीच खेळते आणि कथानक तीच हलविते.

हवालदाराची भूमिका कोंडके करीत. आता ५.३ मधील तीन गोष्टी आठवा. सबनीसांची संहिता बांधीव होती, तरी बतावणीच्या जागा मोकळ्या होत्या. त्या जागांत कोंडके त्या दिवसाचे राजकारण, त्या गावची अडचण, समोर बसलेला पाहुणा यांना ओढून आणीत. एकच प्रेक्षक हे लोकनाट्य पुनःपुन्हा पाहत असे, त्याचे कारण हेच. हजारावर प्रयोग झालेल्या या लोकनाट्याची छापील प्रत आज वाचताना काही ठिकाणी ती रोडावलेली वाटते. तो दोष लेखकाचा मानू नये. तेथे नटाने भरावयाची जागा सोडलेली आहे. उषा बॅनर्जी यांनी केलेल्या 'सैंया भये कोतवाल' या हिंदी रूपांतराच्या द्वारे हे लोकनाट्य महाराष्ट्राबाहेरही पोहोचले.

हवालदार हे पात्र का खुलले असावे? सत्तेच्या उतरंडीत तो ना वर, ना खाली. वरच्यांची हुकमत तो सोसतो आणि खालच्यांवर थोडीशी गाजवतो. गिरणीतील जॉबर, कचेरीतील शिपाई, दुकानातील नोकर यांना त्यात आपला चेहरा दिसला. हे पात्र कोंडके यांनी पुढे सोडले नाही, हे लवकरच आपल्या लक्षात येईल.

५.५ पडद्यावरील सोंगाड्या

भालजी पेंढारकर यांच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटातून कोंडके पडद्यावर आले. मात्र त्यांच्या कलेचा खरा कस लागला तो स्वतः निर्मिलेल्या 'सोंगाड्या' (१९७१) मध्ये. कथा-पटकथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. सोबत उषा चव्हाण, निळू फुले आणि रत्नमाला.

'सोंगाड्या'चे कथानक आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फारच अर्थपूर्ण आहे. खेड्यातील भाबडा नाम्या तमाशा पाहावयास जातो, तेथील कलावतीवर भाळतो, आईच्या रागाला पात्र होऊन घराबाहेर पडतो आणि अखेर तमाशाच्या फडातच सोंगाड्या म्हणून उभा राहतो. येथे प्रेक्षकच नट झाला आहे. चित्रपटगृहात समोरचा प्रेक्षक नटाला दिसत नाही, ही उणीव कोंडके व सबनीस यांनी प्रेक्षकालाच नायक करून भरून काढली, असे आमचे मत आहे. पूर्वीच्या तमाशाप्रधान मराठी चित्रपटांत तमासगीर स्त्री केंद्रस्थानी आणि सोंगाड्या कडेला असे. येथे कडेचा मनुष्य मध्यभागी आला. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि तिची लोंबती नाडी हा त्याचा वेशही नायकाच्या रूढ कल्पनेला छेद देणारा होता.

या चित्रपटाच्या प्रदर्शनाची हकिकत सर्वश्रुत आहे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात देव आनंद यांच्या 'तेरे मेरे सपने'साठी 'सोंगाड्या'ला जागा नाकारली जात होती. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक यांनी हस्तक्षेप केला आणि चित्रपट तेथे लागला. भाषिक अस्मितेच्या राजकारणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. आपण तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहावे. मुंबईच्या मध्यवस्तीतील चित्रपटगृहात चड्डीतला खेडवळ नायक शोभत नाही, ही भावना त्या नकारामागे नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

पुढे 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'पांडू हवालदार' (१९७५), 'तुमचं आमचं जमलं' (१९७६), 'राम राम गंगाराम' (१९७७) अशी मालिकाच सुरू झाली. सलग पंचवीस आठवडे चाललेल्या, म्हणजेच रौप्यमहोत्सवी, नऊ चित्रपटांबद्दल त्यांची नोंद गिनीजच्या विक्रमपुस्तकात झाली. त्या सर्वांचा तपशील देण्याचे येथे प्रयोजन नाही. 'पांडू हवालदार'कडे मात्र थांबले पाहिजे. तो त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट होय. दहा वर्षांपूर्वीचा लोकनाट्यातील हवालदार येथे मुंबईच्या रस्त्यावर उतरला. राजा आणि कोतवाल गेले. त्यांच्या जागी साहेब, तस्कर आणि फुटपाथ आले. अशोक सराफ यांच्या हवालदाराबरोबरची त्यांची जोडी म्हणजे बतावणीतील शाहीर-सोंगाड्याचीच जोडी होय. एक शहाणपणाचा आव आणतो, दुसरा तो आव भाबडेपणाने उतरवतो. पुढे हाच हवालदार 'चंदू जमादार' होऊन गुजराती पडद्यावरही गेला.

श्लेष आणि भाबडा चेहरा पडद्यावर उतरले. चेहऱ्याचे तर समीपदृश्याने चीज झाले. मागच्या रांगेतील कामगारालाही आता पापणीची हालचाल दिसू लागली. हरवली ती नजर. पुढच्या रांगेतील पाहुण्याकडे पाहण्याची सोय कॅमेऱ्यापुढे नसते. कामोठ्याला एकाकडे आणि भोरला दुसऱ्याकडे पाहणारा सोंगाड्या आता सर्वत्र एकाच, कोणाचीही नसलेल्या जागी पाहू लागला. 'समदीच खात्यात' या वाक्यातील 'समदीच' पुन्हा मोघम झाले.

५.६ नभोवाणी : देहाविना सोंगाड्या

अमेरिकेतील विनोदी नटांना नभोवाणीने स्वतःचा कार्यक्रम दिला. आपल्याकडे नभोवाणी शासनाच्या ताब्यात होती आणि तेथे विनोदाला स्थान होते, पण ते मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील विनोदाला. आकाशवाणी मुंबईवरील 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिकामाला आठवा. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांच्या खुसखुशीत संवादांनी एका पिढीचे कान घडविले. त्या घरात सोंगाड्याला आमंत्रण नव्हते.

तो आत आला तो गाण्यांच्या वाटेने. आपल्या चित्रपटांतील अनेक गीते कोंडके यांनी स्वतः लिहिली. 'सोंगाड्या'चे संगीत राम कदम यांचे, 'पांडू हवालदार'चे राम-लक्ष्मण यांचे. उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजांतील ही गीते नभोवाणीवरून, लग्नमांडवातील कर्ण्यांवरून आणि पुढे ध्वनिफितींवरून गावोगाव गेली. येथे एक गंमत आहे. 'उपकार'मधील देशभक्तिगीतामुळे ज्यांचा आवाज ओळखला जातो, ते पंजाबी महेंद्र कपूर मराठी सोंगाड्याचा आवाज झाले. म्हणजे नभोवाणीवर सोंगाड्याचा चेहरा नाही, नजर नाही, स्वतःचा आवाजही नाही. उरला तो केवळ श्लेष, लेखणीतून आलेला. तरीही श्रोत्याच्या डोळ्यांसमोर ढगळ चड्डीतली आकृती उभी राहत असे. चित्रपटाने निर्माण केलेली प्रतिमा नभोवाणीने अशी वापरून घेतली.

५.७ अश्लीलतेचा आक्षेप

द्व्यर्थी संवाद आणि शीर्षके यांमुळे कोंडके यांचे चित्रपट परीक्षण मंडळाशी वारंवार खटके उडाले. त्यांच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद आपण ५.३ मध्ये पाहिलाच आहे. शब्द निरागस आहेत, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातला, असा तो युक्तिवाद. परंपरेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. लावणी, उखाणे, शिमग्यातील बोंबा, हळदीची गाणी यांत देहाविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत जुनी आहे आणि ती केवळ पुरुषांची नाही. शिष्ट समाजाने ज्याला अश्लील म्हटले त्यातील पुष्कळसे केवळ 'आमच्या भाषेतले नव्हे' एवढ्याच अर्थाने अश्लील होते.

परंतु हा युक्तिवाद सर्व चित्रपटांना सारखाच लागू पडत नाही, आणि येथे विद्यार्थ्यांनी प्रेमापोटी डोळेझाक करू नये. 'विच्छा'मध्ये द्व्यर्थी वाक्याचा बाण कोणाला लागतो? राजाला, प्रधानाला, वशिल्याच्या कोतवालाला. देहाचा उल्लेख हे तेथे सत्तेला खाली खेचण्याचे साधन आहे. 'पांडू हवालदार'मध्येही उषा चव्हाण यांची केळेवाली शब्दास शब्द देते; चेष्टा दोन्ही बाजूंनी चालते. १९८० नंतरच्या चित्रपटांत मात्र सत्ता हळूहळू दृश्यातून बाहेर गेली आणि श्लेषाचा रोख उरला तो समोरच्या स्त्रीवर. 'तेरे मेरे बीच में' (१९८४) पासूनच्या हिंदी चित्रपटांत तर मराठी बोलीचा आधारही सुटला. 'खात्यात' सारखा श्लेष भाषांतरित होत नाही. शरीराचा निर्देश मात्र कोणत्याही भाषेत चालतो. मग तोच उरतो. अश्लीलता वाढली असे म्हणण्यापेक्षा विनोदाचे लक्ष्य हरवले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

आणि प्रेक्षकाचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विखुरले. ज्या वस्तीत ही भाषा बोलली जात होती, त्या वस्तीतील कुटुंबे उपनगरांत, खाडीपलीकडे, गावी परत, अशी पांगली. समोरचा प्रेक्षक कोंडके यांनी दोनदा गमावला : एकदा पडद्यावर जाताना, आणि एकदा तो प्रेक्षकच पांगला तेव्हा. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले 'एकटा जीव' हे त्यांचे आत्मकथन या संदर्भात अवश्य वाचावे. कलावंत स्वतःच्या एकाकीपणाविषयी विनोदाचा आधार न घेता कसा बोलतो, ते त्यात दिसते.

५.८ स्वाध्याय व क्षेत्रकार्य

'सोंगाड्याची नजर' या संकल्पनेच्या आधारे लोकनाट्य आणि चित्रपट यांतील विनोदाची तुलना सुमारे तीनशे शब्दांत करा. तसेच, 'अश्लीलता शब्दात नसून रोखात असते' या विधानाच्या बाजूने किंवा विरोधात सोदाहरण लिहा. या घटकातील मत स्वीकारण्याचे बंधन नाही.

क्षेत्रकार्यासाठी पुढील सूचना लक्षात घ्या. सिडकोची स्थापना १९७० ची, 'सोंगाड्या' १९७१ चा. त्या वेळी कामोठे हे भातशेतीचे गाव होते. आज जुन्या गावठाणातील आगरी-कोळी कुटुंबे आणि सातारा, सांगली, पुणे, कोकण येथून आलेली कुटुंबे मानसरोवर व खांदेश्वर या स्थानकांच्या परिसरात शेजारी राहतात. आपल्या इमारतीतील किंवा गावठाणातील साठ वर्षांवरील किमान तीन व्यक्तींना भेटा. त्यांपैकी एक तरी स्त्री असावी. कोंडके यांचा पहिला चित्रपट कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, घरी सांगून की न सांगता, आणि कोणत्या प्रसंगी हसू आले, हे विचारा. उत्तरे त्यांच्याच बोलीत, प्रमाणभाषेत न बदलता, लिहून घ्या. उत्तर देणारी व्यक्ती मध्येच थांबली, हसली किंवा तिने विषय बदलला, तर तेही तेथेच कंसात नोंदवा.